दुकान कुठाय?

राजारामपुरीत राहणाऱ्या माणसाला एक मोठं सुख आहे. पत्ता सांगताना त्याला डोकं चालवावं लागत नाही. इतर गावचा माणूस पत्ता सांगायला लागला की आधी एक मारुती येतो, मग एक पिंपळ येतो, मग एक बंद पडलेली पिठाची गिरणी येते आणि शेवटी 'तिथं कुणालाही विचारा' येतं. आम्ही नुसता आकडा सांगतो. राजारामपुरी, अमुकवी गल्ली. संपलं. या आकड्याच्या जोरावर दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन, लग्नपत्रिका वाटणारे, गणपतीची वर्गणी मागणारे आणि घरफाळ्याचं बिल आणून देणारा शिपाई ही सगळी मंडळी डोळे मिटून आमच्या दारात येऊन उभी राहतात. पत्ता असणं हे सुख आहे असं मी वर म्हटलं खरं. पण आता ही यादी पुन्हा वाचताना माझ्या लक्षात येतंय की, हे सुख मुख्यतः आपल्याकडून पैसे न्यायला येणाऱ्यांचं आहे.

घरफाळा भरायला माझी ना नाही. (घरफाळा म्हणजे बाहेरगावी ज्याला घरपट्टी म्हणतात तेच. पण 'फाळा' या शब्दात जमिनीत काहीतरी खोलवर घुसल्याचा जो भाव आहे, तो बिचाऱ्या 'पट्टी'त नाही.) मी तो दरवर्षी भरतो. सवलतीच्या मुदतीत भरतो, रांगेत उभा राहून भरतो आणि कुरकुर करत भरतो. कुरकुर हा नागरिकाचा हक्कच आहे. पैसेही द्यायचे आणि वर हसायचंही, एवढी अपेक्षा फक्त सासुरवाडीनं करावी.

वर्गणीचं मात्र तसं नाही. वर्गणी ही करापेक्षा फार पुढारलेली संस्था आहे. आयकर खात्याला तुमचं उत्पन्न काढायला कागदपत्रं लागतात. मंडळाच्या पोरांना तुमच्या दुकानाचं शटर पुरतं. शटर एक की दोन, बोर्डावर दिवे आहेत की नाहीत, गल्ल्यावर बसलेल्या मालकाच्या बोटांत अंगठ्या किती, एवढं बघून ती पोरं पावतीवर जो आकडा टाकतात, तो पाहून चांगल्या सनदी हिशेबनिसानं मान खाली घालावी. आणि आमची राजारामपुरी म्हणजे तर गणपतीच्या आगमनाच्या मिरवणुकीबद्दल साऱ्या कोल्हापुरात मशहूर. त्या एका संध्याकाळी मुख्य रस्त्यावर मुंगीलाही वाट मिळत नाही. तेव्हा आमच्याकडची वर्गणीही त्याच मापाची असते.

तर गोष्ट गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यातली. मी अण्णांच्या दुकानात स्टुलावर बसलो होतो. अण्णा माझे शाळासोबती. मुख्य रस्त्यावर त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, ट्यूबा, बटनं. गेली चाळीस वर्षं राजारामपुरीतल्या निम्म्या घरांतले पंखे अण्णांच्या कृपेनं फिरताहेत. पूर्वी त्या दुकानात बसायचं म्हटलं तर स्टूल मिळायचं नाही. हल्ली स्टूल मिळतं, एवढंच नव्हे तर अण्णा स्वतः उठून ते फडक्यानं पुसून देतात. धंद्याची अवस्था कळायला मला याहून निराळा ताळेबंद लागत नाही.

मंडळाची पोरं आली. पावती फाडून तयारच होती. अण्णांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"पाच हजार?"

"काका, गेल्या वर्षी तीन दिलता. यंदा खर्च वाढलाय."

"खर्च तुमचा वाढलाय, धंदा माझा कमी झालाय, आणि वर्गणी माझी वाढली? ह्यो कुठला हिशेब रे?"

नेमकी त्याच वेळी पाठीवर भलीमोठी पिशवी अडकवलेला एक पोरगा मोटारसायकलवरून दुकानासमोर येऊन थांबला आणि मोबाईलमध्ये पत्ता शोधू लागला. अण्णांना एकदम स्फुरण चढलं.

"ह्याला बघा! दिवसातनं दहा वेळा येतो आपल्या गल्लीत. पंखा आणतो, मिक्सर आणतो, इस्त्री आणतो. म्हंजे माझ्या दुकानात जे जे हाय ते समदं आणतो. रस्ता तुमचाच वापरतो, दिवाबत्ती तुमचीच वापरतो. ह्याच्या मालकाकडनं किती घेतली वर्गणी?"

पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. असा प्रश्न मंडळाच्या इतिहासात कुणी विचारला नव्हता. शेवटी त्यांच्यातला खजिनदार डोकं खाजवत म्हणाला, "पर काका, त्यांचं दुकान कुठाय?"

अण्णा काही बोलणार, एवढ्यात तो मोटारसायकलवाला पोरगा माझ्याकडं बघून हसला. "काका, बरं झालं हितंच भेटलासा. तुमचंच पार्सल हाय. इस्त्री. ओटीपी सांगा."

माझ्या आयुष्यात लाजेचे प्रसंग पुष्कळ आले. पण चाळीस वर्षांच्या दोस्ताच्या विजेच्या सामानाच्या दुकानात, त्याच दोस्तानं पुसून दिलेल्या स्टुलावर बसून, परक्याकडून मागवलेल्या इस्त्रीचा चार आकडी ओटीपी मोठ्यानं म्हणून दाखवणं, याच्या जवळपास येईल असा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी मुकाट्यानं पाच हजार काढून पोरांना दिले. मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. इस्त्री एकशे तीस रुपयांनी स्वस्त होती.

घरी आलो तो डोक्यात तो एकच प्रश्न: दुकान कुठाय? योगायोगानं माझा भाचा आलेला होता. तो सी. ए. होण्याच्या वाटेवर आहे. त्या वाटेवर तो गेली सहा वर्षं आहे. पण वाटेवरचं सगळं त्याला पाठ आहे. मी त्याला झाला प्रकार सांगितला. ओटीपीचा भाग वगळून.

"मामा, त्या पोरानं जो प्रश्न विचारला ना," भाचा म्हणाला, "तोच प्रश्न जगभरची सरकारं गेली शंभर वर्षं विचारताहेत. परदेशी कंपनीच्या नफ्यावर कर कुणी घ्यायचा, तर जिथं तिचं दुकान आहे त्यानं. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघानं यावर बैठका घेतल्या, १९२८ साली नमुन्याचे करार तयार केले. त्यांत ठरलं की कचेरी, कारखाना, गोदाम, असं काहीतरी कायमचं ठाण मांडून बसलेलं असलं, तरच त्या देशानं तिच्या धंद्याच्या नफ्याला हात लावायचा."

"बरोबरच आहे," मी म्हणालो. "शटर बघूनच पावती फाडायची."

"हो, पण ते आगबोटींच्या आणि कापडाच्या काळात ठीक होतं. आता शटरच नाही. तुमच्या इस्त्रीवाल्यांचं एक वेळ सोडा. त्यांची कंपनी इथं नोंदलेली असते, गोदामं असतात, मालावर जीएसटी भरला जातो. खरी गंमत जाहिरातींची. अण्णांनी मध्ये मोबाईलवर जाहिरात दिली होती ना?"

दिली होती. धंदा वाढावा म्हणून अण्णांच्या मुलानं त्यांना ती द्यायला लावली होती. दुकानापासून पाच किलोमीटरांतल्या माणसांना त्यांच्या मोबाईलवर अण्णांचे पंखे दिसणार, असा बेत होता. मला दिसले होते. मी त्यांच्या समोरच राहतो.

"आता बघा," भाचा म्हणाला. "दुकान राजारामपुरीतलं, गिऱ्हाईक राजारामपुरीतलं, पैसे देणारा राजारामपुरीतला. बिलावर नाव भारतातल्या कंपनीचं असतं. पण असल्या कंपन्यांत रीत अशी की, इथली कंपनी म्हणजे नुसती दलाल. जाहिरातीची जागा ती परदेशातल्या आपल्याच बहिणीकडून विकत घेते आणि आपल्याला विकते. त्यामुळं पैशातला मोठा वाटा बहिणीकडं जातो, आणि बहीण दिलेली असते अशा देशात, की जिथं कराचा दर कमी. इथं उरते ती दलाली. कर भरायचा तो तेवढ्यावर. यात बेकायदा काही नाही बरं का!"

"म्हणजे राजारामपुरीतल्या पंख्याचा वारा परदेशात लागतो म्हण की," स्वयंपाकघरातून ही म्हणाली. कर या विषयावर आमच्या घरात इतकं अचूक वाक्य पूर्वी कुणी बोललेलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. एरवी 'अस्तित्व' हा शब्द मी कीर्तनकारांसाठी राखून ठेवलेला आहे. पण भाच्यानं जाता जाता सांगितलं की, आपल्या आयकराच्या कायद्यात २०१८ साली चक्क 'लक्षणीय आर्थिक अस्तित्व' नावाचं एक कलमच आलं. ठरलेली रक्कम इथून कमावली, म्हणजे वर्षाला दोन कोटी, किंवा तीन लाख वापरणारे इथं असले, की कंपनी इथं 'आहे' असं समजायचं, मग कचेरी असो वा नसो. मी अंथरुणात उठून बसलो. ब्रह्म आहे की नाही यावर आपल्याकडं हजारो वर्षं खल झाला आणि शेवटी दिसत नाही पण सर्वत्र आहे, असा निकाल लागला. तोच निकाल आयकर खात्यानं कंपन्यांना लावला! फरक एवढाच की, ब्रह्माच्या बाजूनं दोन देशांमधले जुने करार आडवे आलेले नव्हते. इथं ते आले. करार असेल तिथं करार मोठा, कलम लहान. त्यामुळं कंपनी आहेही आणि नाहीही.

याच्या आधी आपल्या सरकारनं एक सोपा उपायही करून पाहिला होता. १ जून २०१६ पासून परदेशी कंपनीला दिलेल्या ऑनलाईन जाहिरातीच्या पैशावर सहा टक्के समकारी कर बसवला. वर्षाला एका कंपनीला लाखाच्या वर पैसे देणाऱ्या व्यापाऱ्यानंच तो कापून सरकारजमा करायचा. बारशाला नाव निराळं ठेवलं असलं तरी वर्तमानपत्रांनी त्याला 'गूगल टॅक्स' असंच हाक मारायला सुरुवात केली. २०२० च्या एप्रिलपासून परदेशातून ऑनलाईन माल नि सेवा विकणाऱ्यांवर आणखी दोन टक्के बसले. झालं! अमेरिकेला ते आवडलं नाही. तिनं चौकशी लावली आणि आपल्याकडून जाणाऱ्या ज्या मालावर जादा कर लावायची तयारी केली, त्या यादीत बासमती तांदूळ, कोळंबी आणि दागिने निघाले. कंपनीच्या नफ्याशी कोळंबीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. काही नाही. पोरानं शेजारच्या खिडकीची काच फोडली म्हणजे मार पडतो तो पाठीला. पाठीनं कुठं चेंडू मारलेला असतो? शेवटी दोन टक्क्यांचा कर १ ऑगस्ट २०२४ ला गेला आणि सहा टक्क्यांचा १ एप्रिल २०२५ ला. खजिनदारानं फाडलेली पावती परत घेतली.

पण याहून मोठी मौज आयर्लंडात झाली. युरोपियन कमिशननं २०१६ साली असा हिशेब मांडला की, अ‍ॅपल कंपनीनं २०१४ साली तिथं आपल्या युरोपातल्या नफ्यावर जो कर भरला, त्याचा दर ०.००५ टक्के पडतो. म्हणजे दहा लाख युरो नफ्याला पन्नास युरो. (हा दर मी आमच्या घरफाळ्याला लावून पाहिला. त्या रकमेचं नाणं टांकसाळ पाडत नाही.) कमिशननं आयर्लंडला हुकूम सोडला की, राहिलेले १,३०० कोटी युरो वसूल करा. तर आयर्लंड म्हणालं, नको! आम्हाला आमचा कर नको! आणि नको असलेला कर मिळू नये म्हणून ते सरकार कंपनीच्या बरोबरीनं आठ वर्षं कोर्टात भांडलं. १० सप्टेंबर २०२४ ला युरोपच्या न्यायालयानं शेवटचा निकाल दिला की, घ्यावेच लागतील. घरफाळ्याच्या खिडकीवर मी पैसे पुढं सरकवतोय आणि आतला कारकून 'राहू दे हो, कशाला उगीच' म्हणून ते मागं सरकवतोय, हे दृश्य मी डोळ्यांपुढं आणायचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही.

आता आयर्लंडची बाजूही समजून घेतली पाहिजे. व्यापारी यावेत म्हणून त्याला पायघड्या घालायच्या, ही राजनीती जुनी आहे. आमच्या शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती व्यापारउदीम वाढावा म्हणूनच; आणि गुळाची ती पेठ पुढं नावारूपालाही आली. व्यापारी आला की हाताला काम मिळतं, गाव वाढतं. पण त्याच महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. पेठही पाहिजे आणि शाळाही पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. नुसती पेठ ठेवून शाळेची गोष्ट निघाली की 'व्यापारी पळून जाईल' म्हणायचं, असं त्यांनी केलं नाही.

आणि इथंच मला माझ्या प्रश्नाचं टोक सापडलं. समजा, एखाद्या कंपनीनं मला सांगितलं, "अहो, आम्ही तुमच्या गल्लीत राहत नाही, तुमचं पाणी पीत नाही, आमची पोरं तुमच्या शाळेत जात नाहीत; आम्ही तुमच्या शाळेला पैसे का द्यायचे?" तर मी म्हणेन, "बाई गं, तुझी जाहिरात वाचतो कोण?" अण्णा नि मी एकाच बाकावर बसून सरकारी शाळेत बाराखडी शिकलो. अण्णांची आई निरक्षर होती. तिच्या हातात उद्या मोबाईल दिला असता तर कंपनीला तिच्यापासून किती मिळकत झाली असती? गिऱ्हाईक काही आकाशातून पडत नाही. त्याला वाचायला कुणीतरी शिकवावं लागतं, देवी-पोलिओतून वाचवावं लागतं, त्याच्या दारापर्यंत रस्ता न्यावा लागतो, वीज न्यावी लागते. शंभर वर्षं हे शेत सगळ्यांनी मिळून नांगरलं. त्यात आता पीक डोलतंय. ते कापायला येणाऱ्यानं यावं, खुशाल यावं. पण शेताचा फाळा मी का भरू, असं तेवढं विचारू नये. आयत्या बिळावरच्या नागोबानंसुद्धा असा प्रश्न मुंग्यांना विचारल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी अण्णांना ऐकवलं. (इस्त्रीनंतर माझं तिथं जाणं थोडं अवघड झालं होतं, निमित्त पाहिजेच होतं.) अण्णांनी ऐकून घेतलं आणि तीन शंका काढल्या.

पहिली शंका. "त्यांच्याकडनं घेतलेलं आमच्याच बोडक्यावर येणार न्हाई कशावरनं?" ही शंका खरी निघाली. ब्रिटननं २०२० साली असा दोन टक्के कर उलाढालीवर बसवला, तर त्याच वर्षी गूगलनं जाहिरातदारांच्या बिलात दोन टक्के वाढवले आणि अ‍ॅमेझॉननं दुकानदारांकडून घ्यायची फी वाढवली. म्हणजे कर कंपनीवर आणि भार तिथल्या अण्णांवर. भाच्याचं म्हणणं असं की, उलाढालीवर कर बसवला की तो असा घरंगळत खाली येतो. तो नफ्यावर बसवावा, आणि नफा कुठला हे वापरणारे कुठले यावरून ठरवावं. ते एकट्यादुकट्या देशाला जमत नाही. एकट्यानं केलं की कोळंबीला मार पडतो. सगळ्यांनी मिळून केलं पाहिजे. २०२१ च्या ऑक्टोबरात १३६ देशांनी तसं कबूलही केलं होतं. मोठ्या कंपन्यांना कुठंही गेलं तरी निदान पंधरा टक्के कर, आणि नफ्याचा काही वाटा गिऱ्हाईक राहतं त्या देशाला. पंधरा टक्क्यांचा नियम बऱ्याच देशांत सुरू झाला. वाटणीचं घोडं मात्र पेंड खात राहिलं, आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं अंग काढून घेतलं. पंक्तीतला सगळ्यात मोठा पाहुणाच उठून गेला म्हणजे वाढप्यांचं जे होतं, ते झालं.

दुसरी शंका. "सरकारकडं गेलेला पैसा शाळेतच जाईल, ह्याची ग्यारंटी कोण देणार?" कुणीच नाही. पण त्यासाठी खर्च करणाऱ्याशी भांडायचं असतं. न देणाऱ्याला माफी द्यायची नसते. आणि भांडायचं कसं हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वडीलधारी माणसं पुढं झाली, नि सारं गाव त्यांच्या मागं रस्त्यावर उतरलं. २०१५ साली शेवटी सरकारला तो टोल गुंडाळावा लागला. "म्हंजे आमीबी कर बुडवेच की!" अण्णा म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, फरक आहे. आपण 'देणार नाही' म्हणालो ते भर रस्त्यात, नाक्यावर उभं राहून, आपल्या नावागावानिशी. पोलिसांना आपला पत्ता ठाऊक होता. आपण तो दुसऱ्या देशातल्या बहिणीच्या नावावर केला नव्हता.

तिसरी शंका अण्णांनी बोलून दाखवली नाही. त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. मला ती ऐकू आली.

घरी हीनं ती स्पष्ट शब्दांत मांडली. "कंपन्यांचं काय ते होईल. मागच्या उन्हाळ्यात बेसिनचं सामान आणलंत तेव्हा दुकानदारानं विचारलं, पावतीसह की पावतीशिवाय? तुम्ही काय म्हणालात?"

मी 'पावतीशिवाय' म्हणालो होतो. नुसतं म्हणालो नव्हतो, डोळाही मिचकावला होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण माझ्याच घरी मला अशी शोधत येईल असं वाटलं नव्हतं. कंपनी निदान कायद्यात बसवून कर वाचवते, आणि त्या कागदांसाठी मोठमोठ्या वकिलांना पोसते. मी सहाशे रुपयांच्या नळासाठी कायदाच मोडला, तोही फुकटात. पण म्हणून माझा प्रश्न खोटा ठरतो का? रात्रभर विचार केला. नाही ठरत. चोरून पेरू खाणाऱ्यानंही बाग जळताना ओरडायला हरकत नाही. फक्त ओरडून झाल्यावर पेरूचे पैसे द्यावेत.

दरम्यान एक गोष्ट घडली. तो इस्त्रीवाला पोरगा आठवडाभर दिसला नाही. दुसरा एकजण आला, त्याच्याकडून कळलं की, पावसात गाडी घसरली आणि याचा पाय मोडला. पोरगा गडहिंग्लजकडचा. मी नि अण्णा त्याला बघायला सरकारी दवाखान्यात गेलो. एकोणीस-वीस वर्षांचं वय. पायाला प्लॅस्टर. मी विचारलं, "कंपनीचं कोण आलं होतं का?" तो हसून म्हणाला, "कंपनीचं कोण म्हंजे कोण, काका? मला तर मोबाईलच कामं सांगतो." नोकर तो नव्हताच, 'भागीदार' होता. असल्या भागीदारांसाठी कंपन्यांनी आपल्या उलाढालीच्या एक-दोन टक्के रक्कम बाजूला काढावी, अशी तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ती संहिता लागू व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. तोवर त्याच्या भागीदारीतला नफा कुठल्या देशात गेला ते भाचा सांगू शकेल. पण पाय मात्र सरकारी पलंगावर होता. तो पलंग, ते प्लॅस्टर, ती परिचारिका, हे सगळं अण्णांच्या घरफाळ्यासारख्या लहानलहान करांतून उभं राहिलेलं. अण्णांनी निघताना त्याच्या उशाखाली पाचशे रुपये ठेवले. ज्याच्यामुळं धंदा बसला म्हणून आठवडाभर शिव्या दिल्या, त्यालाच वर्गणी दिली. रस्त्यात मला म्हणाले, "त्या पोराचा काय दोष? त्येचा पत्ता हाय, म्हणून पाय मोडला."

गणपती गेले. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी मंडळाचा हिशेब वाचायचा रिवाज आहे. आम्ही दोघंही गेलो. जाण्याआधी मी अण्णांच्या दुकानातून एक ट्यूब घेतली आणि पावती मागितली. अण्णांनी चष्म्यावरून रोखून पाहिलं. "पावती? घरात समदं बरं हाय न्हवं?" मी म्हटलं, "जीएसटीसकट द्या." त्यांनी हसत पावती फाडली. चाळीस वर्षांच्या दोस्तीत ही माझी तिथली पहिली पावती.

खजिनदार वाचू लागला. मूर्ती एवढे, मांडव एवढे, वाद्यं एवढी, महाप्रसाद एवढा. मग म्हणाला, "आगमनाच्या व्हिडिओची मोबाईलवर जाहिरात, चार हजार रुपये."

"थांब," अण्णा म्हणाले. "हे चार हजार कुणाला दिले?"

पोरानं कंपनीचं नाव सांगितलं. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ती होती. क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मंडळाच्या इतिहासात तोवर वर्गणी फक्त आत आली होती. पहिल्यांदाच ती बाहेर गेलेली होती, आणि तीही अण्णांच्या पाच हजारांतून.

"तवा मला विचारत होतास न्हवं, त्यांचं दुकान कुठाय म्हणून?" अण्णा म्हणाले. त्यांनी पुढं वाकून त्या पोराच्या शर्टाच्या खिशावर, मोबाईल होता तिथं, बोटानं टकटक केलं. शटर वाजवावं तसं.

"हितं हाय, बाळ."